खुळखुळतं पायदान

या, असे पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल. कीर्तनात बुवांनी चाल धरली की मागचा माणूसही कसा नकळत पुढं येतो, तसे या. चोरीची गोष्ट सांगायची आहे. भिऊ नका, यात रक्त नाही की सुरा नाही. चोरीला गेलं ते एक लोखंडी पायदान. जीपमध्ये चढताना आपण ज्याच्यावर पाय ठेवतो ना, ते. पण त्या पायदानापायी एका गुणी पोरीचा साखरपुडा मोडायला आला होता, आणि तो कसा सावरला ते ऐकण्यासारखं आहे.

१

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, चैत्र महिना. हिंगोलीहून नरसी नामदेवकडं जाताना मोहातांड्याचा फाटा लागतो. फाट्यावर दोन हॉटेलं, ग्यानोबाचं वेल्डिंगचं दुकान आणि आरोग्य उपकेंद्राच्या दोन खोल्या. त्या खोल्यांमध्ये करुणा खिल्लारे नावाची नर्स. आसपासच्या चार गावांची ती सिस्टरबाई. बाळंतपणं तिच्या हातची, तापाच्या गोळ्या तिच्या हातच्या, आणि रागावणंही तिच्याच तोंडचं.

शनिवारी सकाळी करुणा लसीच्या डब्यात बर्फ भरत होती, तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला.

"गेलं! लालसिंगभाऊचं पायदान चोरीला गेलं!"

ओरडणारा गोपीचंद. त्याचीही जीप फाट्यावरूनच चालायची. करुणानं डबा झाकला आणि चपला घातल्या, कारण ते पायदान साधं राहिलं नव्हतं. तीन दिवसांत ते देव झालं होतं.

झालं होतं असं. बुधवारी नरसीला सप्त्याचा काला होता. चतुराबाईच्या भजनी मंडळातल्या आठ बायका लालसिंग राठोडच्या जीपनं कीर्तनाला निघाल्या. फाट्याच्या अलीकडं शेतातल्या वाटेनं जगन चव्हाणचा ट्रॅक्टर रस्त्यावर आला आणि जीपच्या डाव्या कुशीत घुसला. धाडकन आवाज झाला, मधलं दार आत चेपलं, बायका किंचाळल्या. पण कुणाचं हाड मोडलं नाही. बांगड्या फुटून हात कापले, बरगड्यांना मुका मार लागला, एवढंच. करुणानं पट्ट्या बांधल्या आणि त्या पट्ट्यांसकट आठही जणी पुन्हा जीपमध्ये बसून काल्याला गेल्या! चतुराबाई म्हणाली, "मार तर लागलाच हाय, मंग काला काहून चुकवावा?"

आणि लोकांनी पाहिलं तर काय? दार चेपलेलं, पण दाराखालचं पायदान जसंच्या तसं. ओरखडासुद्धा नाही.

"पायदानानं राखलं!" लालसिंगनं सगळ्यांना सांगितलं. गुरुवारी पायदानाला कुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. ते पायदान ग्यानोबानं बनवलेलं, म्हणून अकरा जीपवाले त्याच्या दुकानापुढं रांग लावून उभे राहिले. "बाजूची धडक अडवणारं पायदान" अशी पाटी रंगवायचाही त्याचा विचार चालला होता.

आता त्या जागी चार रिकामी भोकं होती. जीपखाली एक पाना पडला होता. एकोणीस नंबरचा, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला.

गोपीचंदनं तो उचलून सगळ्यांपुढं धरला. "वळखा बरं कुणाचा हाय?"

ओळखायची गरज नव्हती. त्या लाल दोऱ्याचा पाना सगळ्या फाट्याला माहीत होता. तो जगनचा होता.

आणि जगन म्हणजे लालसिंगचा होणारा जावई.

२

दुपारी लालसिंगची मिना उपकेंद्रात आली. डोकं दुखतं म्हणाली. करुणानं कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हे दुखणं गोळीचं नाही. बोल."

मिनाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "सिस्टरबाई, सोमवारी साखरपुडा हाय. जगनच्या तांड्याचे लोक येणार. आता आमच्यातले म्हातारे म्हणतात, ज्यानं आधी गाडी ठोकली अन् मंग पुरावा पळवला, त्याला पोरगी देऊ नका."

"पुरावा कसला?"

"पायदान पाहून केस होईल म्हणून त्यानं नेलं म्हणे. सोमवारी नारळ द्यायच्या ऐवजी परत घेणार, म्हंजे सोयरीक मोडणार."

"तुझे बापू काय म्हणतात?"

"काहीच न्हाई. कालपासून जेवलेबी न्हाईत. नुसते बाजेवर पडून राहिलेत. आई म्हणते, पायदानाचा लई धसका घेतला."

"आणि जगन?"

"त्यो म्हणतो, पाना माझाच हाय. बस. पुढं तोंडच उघडत न्हाई." मिनानं पदरानं डोळे पुसले. "बाई, तुमी कीर्तनाला मागं उभ्या राहता, म्या पाहिलंय. बुवा एकेक शब्द धरून इचारतात ना, हा असा काहून आला म्हणून? तसं इचारा की कुणीतरी."

करुणाला हसू आलं. खरंच होतं ते. ती काही माळकरी नव्हती. तिच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. पण कीर्तन लागलं की मंडपाच्या खांबाशी उभं राहायची तिला सवय. बुवा एकच चरण घेत, उलटा करत, सुलटा करत, आणि तिसऱ्या खेपेला त्यातून असा अर्थ काढत की अंगावर काटा यावा. तिला वाटायचं, रोग्याला तपासायचं ते असंच.

"सोमवारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "चल, आधी जीप दाखव."

३

लालसिंग जीपशी आला तो ओढल्यासारखा. एरवी फाट्यावर शिट्टी वाजवत सीटा भरणारा माणूस; आज मिशासुद्धा खाली आल्या होत्या.

"नका पाहू बाई," तो म्हणाला. "गेलं ते गेलं."

"पाहू तर द्या," करुणा म्हणाली आणि वाकली.

डावीकडं भोकं. उजवीकडचं पायदान मात्र जागेवर. मधलं दार चेपून घट्ट अडकलेलं, काच तडकलेली पण जागच्या जागी. करुणानं पिशवीतून कापडी टेप काढला, गरोदर बायकांचं पोट मोजायचा. जमिनीपासून भोकांपर्यंत मोजलं: दीड फूट. दारातल्या खड्ड्यापर्यंत मोजलं: अडीच फूट. वहीत लिहून घेतलं.

"आतून पाहू द्या."

लालसिंगनं करदोड्याला बांधलेली किल्ली सोडली. सगळ्या दारांना कुलूप होतं. आत स्टेअरिंगवर झेंडूचा हार व्यवस्थित अडकवलेला होता. पायदानाचाच हार. एक फूल चुरगळलं नव्हतं.

करुणा त्या हाराकडं दोन क्षण बघत राहिली.

शेजारी गोपीचंद उभाच होता. करुणानं त्याला विचारलं, "गोपीचंदभाऊ, सगळे सीट लालसिंगभाऊकडं जायला लागले होते. तुमचं नुकसान होत होतं ना?"

"होतं की!" गोपीचंद उसळला. "पण म्या काहून चोरू? अन् चोरायचंच असतं तर दोन्ही नेले असते. एका बाजूच्या पायदानाचं काय लोणचं घालायचं?"

लोक हसले. करुणा मात्र हसली नाही. खरंच की. लोखंड हवं असेल तर दोन्ही न्यावीत. नमुना हवा असेल तर उजवं बिनत्रासाचं, न ठोकलेलं. मग डावंच का?

ती ग्यानोबाच्या दुकानात गेली. ग्यानोबा काळा चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होता. बायको रुक्माबाई जवळ बसून पाटी रंगवणाऱ्याला नावं ठेवत होती.

"ग्यानोबादादा, पायदान कसलं बनवलंत?"

"चॅनलचं, ताई. म्हंजे आतून पोकळ, गाडीच्या बाजूनं उघडं. दोन पट्ट्यांवर टांगलं, चार बोल्ट."

"खालून सोडवता येतं?"

"पाना असला तर पाच मिनिटांत. म्याच आज सोडवणार होतो. अकरा लोकांला तसलंच पाहिजे, अन् म्या तर ते नजरेच्या मापानं केलेलं. म्हणलं, सोडवून माप घेऊ."

"हे कुणाला सांगितलं होतं?"

"शुक्रवारी सांजच्याला लालसिंगला सांगितलं. दुसऱ्या कुणाला काहून सांगू?" मग तो खुशीत म्हणाला, "ताई, काय पायदान बनवलं म्या! एवढी धडक बसली, ओरखडा न्हाई!"

करुणानं वही मिटली. बाहेर येताना ती हाच शब्द मनात उलटासुलटा करत होती. ओरखडा नाही. ओरखडा नाही. ज्यानं घाव झेलला, त्याला ओरखडाही नाही?

४

जगन शेताच्या बांधावर ट्रॅक्टरच्या सावलीत बसला होता. अंगानं दांडगा, चेहऱ्यानं लेकरू. करुणानं आधी टेप लावून ट्रॅक्टरचं तोंड मोजलं. अडीच फूट.

"बरोबर आहे. पायदानाच्या वर फूटभर," ती स्वतःशी म्हणाली. मग वळली. "जगन, पाना कुणाला दिला होतास?"

"आठवत न्हाई."

"बुधवारी कोणत्या गिअरमध्ये होतास?"

"दुसऱ्या. ब्रेक मारला होता. डावीकडं पाहिलं, उजवीकडं उसाची गाडी उभी व्हती, तिच्या आडून जीप आली. चूक माझीच हाय, म्या उतरून पाहायला पाहिजे होतं."

"धडक बसल्यावर काय केलंस?"

"लालसिंगमामांनी सांगितलं, बायकांला घेऊन सिस्टरकडं पळ, गाडीचं म्या पाहतो. चतुराबाईला धरून आणलं. त्यांनी तुमच्या दारात पायरीवर दोनदा ठेच खाल्ली, एकदा डाव्या पायाची, एकदा उजव्या."

"हे सगळं आठवतं. फक्त पाना कुणाला दिला तेवढं आठवत नाही?"

जगन मान खाली घालून ढेकूळ फोडत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"लग्न मोडेल रे बाबा."

"मोडू द्या," तो हळूच म्हणाला. "पण कुण्या मोठ्या माणसाची मान खाली नको जायला."

करुणानं टेप गुंडाळला आणि ती चतुराबाईच्या घराकडं निघाली.

करुणा पोचली तेव्हा चतुराबाई ओट्यावर टाळ पुसत होती. बरगडीला पट्टी तशीच. आत म्हातारी सासू खोकत होती.

"या सिस्टरबाई. चोर घावला का?"

"तुम्ही सांगितलंत तर घावेल. गाडीत कोण कुठं बसलं होतं?"

"म्या मधल्या सीटवर."

"दाराशी?"

"दाराशी कोण न्हाई. दाराशी गाद्या व्हत्या. नरसीच्या मंडपाच्या. वाकळंत गुंडाळून दाराला लावलेल्या, वरपस्तोर. लालसिंग म्हणला, देवाच्या गाद्या हायेत, पोचवायच्या. म्हणून तर आमच्या म्हातारीला जागा न्हाई झाली. बिचारी रडली वं. वर्षाचा काला चुकला तिचा."

"तुमचा तर नियम आहे ना, कीर्तनाच्या गाडीत माल नको?"

"मंग! लालसिंगनं गेल्या साली सेवालाल महाराजांची आन घेऊन सांगितलंय, तुमी बसला तर गाडीत दाणा भरणार न्हाई. एकदा भरला, अन् आमी दुसरी गाडी लावणार. पण गाद्या म्हंजे काही माल न्हाई. देवाचं काम."

"बरं, धडकेनंतर काही वेगळं वाटलं?"

चतुराबाई हसली. "वाटलं की. पुढं नरसीपस्तोर पायदान खुळखुळत होतं. जसे की लहान लहान टाळ. आमी म्हणलं, घ्या, पायदानबी भजन करून राहिलं!"

करुणानं पट्टी सोडून जखम पाहिली. मार कमरेपासून बरगडीपर्यंत, पायाला काहीच नाही. कडेला पिवळसर डाग.

"चतुराबाई, तुम्हाला किती वेळा सांगायचं, जखमेला हळद लावून माझ्याकडं येऊ नका म्हणून? बुधवारी आठही जणींच्या जखमा मला धुवाव्या लागल्या."

"अगं माय! त्याच दिवशी म्हणलं ना तुमाला, आमी कुठं लावली? तुमाला खरंच वाटत न्हाई!"

आणि करुणाचा हात तसाच थांबला.

तिनं बुधवारी खरंच विश्वास ठेवला नव्हता. इकडची बाई, कापलं की पहिल्यांदा हळदीच्या डब्याकडं धावते, मग नर्सच्या रागाला भिऊन नाही म्हणते. दहा वर्षांत हजारदा पाहिलेलं. पण अपघाताच्या जागेपासून उपकेंद्र फार तर दोनशे पावलं. मध्ये एक घर नाही, एक चूल नाही.

मग हळद आली कुठून?

५

रविवारी सकाळी करुणा रक्तदाबाचं यंत्र घेऊन लालसिंगच्या घरी गेली. मिनाच्या आईनं, नीलाबाईनं, चहा ठेवला. लालसिंग बाजेवर उठून बसला.

"हात द्या."

फुगा फुगला, पारा चढला, उतरला. "अरे देवा," करुणा म्हणाली. "प्रेशर बरंच चढलंय. मीठ कमी करा आणि पोटात दडवलेलं बाहेर काढा."

"काय दडवलंय म्या?"

"नीलाबाई, तुम्ही पण बसा. मी सांगते, चुकलं तर टोका." करुणानं यंत्र बाजूला ठेवलं. "ज्यानं पायदान नेलं त्यानं हार काढून आत स्टेअरिंगला अडकवला आणि पुन्हा कुलूप लावलं. लोखंडाचा चोर हार फेकून देतो. हा माणूस देवाला भिणारा. आणि किल्ली त्याच्याकडं. किल्ली तर एकच आहे, तुमच्या करदोड्याला."

नीलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं छपराकडं.

"ग्यानोबा पायदान सोडवणार हे शुक्रवारी फक्त तुम्हाला ठाऊक होतं. शनिवारी पहाटे ते गेलं. तेही डावंच. म्हणजे डाव्या पायदानात असं काही होतं जे ग्यानोबाला दिसायला नको. ते नरसीपर्यंत खुळखुळत होतं. टाळ नव्हते ते, लालसिंगभाऊ. हळकुंडं होती."

लालसिंगनं चहाची बशी खाली ठेवली.

"दाराशी गाद्या नव्हत्या. मंडपाच्या गाद्या कुणी काल्याच्या सकाळी मंडपातून बाहेर काढतं का? त्या दिवशी तर लोक त्यांच्यावरच बसतात. वाकळंखाली पोती होती. दार चेपलं, पोती फुटली, हळदीचा भुगा बायकांच्या जखमांवर उडाला, आणि तुकडे दाराखालच्या फटीतून पायदानाच्या पोकळीत पडले. म्हणून तुम्ही जगनला बायकांबरोबर पिटाळलं आणि एकट्यानं वाकळ सारखी केली."

"मेव्हण्याची व्हती," लालसिंग कसाबसा बोलला. "कुरुंद्याची हळद. काला झाला की हिंगोलीच्या मोंढ्याच्या बाजारात टाकून ये म्हणला. चार पोती. म्हणलं, एवढ्यानं काय होतं."

"मिनाचे बापू!" नीलाबाई ओरडली. "म्या म्हणलं व्हतं, त्या गाडीत नका भरू! अन् त्या चतुराबाईची म्हातारी रडत घरी राहिली, ती तुमच्या हळदीपायी?"

"तेच तर," लालसिंग म्हणाला. "म्हातारी वाटंवर उभी व्हती. म्या म्हणलं, जागा न्हाई आजी. अन् मंग लोक पायदानाला हार घालून राहिले. काय बोलावं? पहाटे म्हणलं, तुकडे झटकून पुन्हा लावू. सोडवलं, झटकलं, पण निम्मे आतच अडकून बसलेले. घरून तार आणावी म्हणून पायदान इकडं आणलं, तेवढ्यात गोपीचंद बोंबलला, पायदान गेलं! सगळे धावले. मला इचारलं, गेलं का? माझ्या तोंडून निघालं, व्हय की!"

"आणि पाना तिथंच राहिला."

"जगननं दार ठोकायला म्हणून दिलेला. बाई, त्यो बोलला न्हाई. म्याबी न्हाई बोललो. त्यो गप काहून बसला?"

"तुमची मान खाली जाऊ नये म्हणून. तुमच्या तांड्यानं त्याला पुरावा पळवणारा ठरवलंय."

लालसिंगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दारामागं मिना उभी होती.

"मी कुणाला सांगणार नाही," करुणा उठली. "पण उद्या सकाळी दोन तांडे जमतील. नारळ द्यायचा की परत घ्यायचा, ते आता तुमच्या हातात आहे."

६

सोमवारी लिंबाच्या झाडाखाली जाजमं टाकली होती. एकीकडं जगनच्या तांड्याची माणसं, एकीकडं मोहातांड्याची, मधोमध नारळ.  भजनी मंडळ आलं होतं, ग्यानोबा-रुक्माबाई आली होती, गोपीचंद तर सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. जगन पार कडेला, मान खाली.

लालसिंगचा पत्ता नव्हता.

एक म्हातारा खाकरला. "मंग? नारळ उचलायचा का?"

त्याच वेळी घराच्या बाजूनं लालसिंग आला. खांद्यावर पाच फुटी पायदान. सगळे उभे राहिले. त्यानं ते जाजमावर उलटं धरलं आणि दणकन आपटलं.

खुळखुळ करत हळकुंडांचे तुकडे जाजमभर पसरले.

"चोर म्या हाय," लालसिंग म्हणाला. "जगन न्हाई." आणि त्यानं सगळं सांगितलं. आन मोडल्याचं, पोती, म्हातारी, 'व्हय की' सगळं. सांगून झाल्यावर चतुराबाईपुढं हात जोडून उभा राहिला. "आता तुमी दुसरी गाडी लावा. म्या तोंड दाखवायला लायक न्हाई."

 मग चतुराबाईनं एक हळकुंड उचललं, निरखून पाहिलं.

"म्हंजे," ती हळूहळू म्हणाली, "माझ्या बरगड्या पायदानानं न्हाई, पोत्यांनी राखल्या?"

"पोत्यांनी," करुणा म्हणाली. "धडक अडीच फुटावर बसली. पायदान दीड फुटावर. ट्रॅक्टरनं त्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणून ओरखडा नाही. दार आत आलं ते पोत्यांवर आलं आणि पोती फुटून त्यांनी घाव खाल्ला. तिथं पोती नसती तर दाराशी कुणी बसलं असतं."

"आमची म्हातारी बसली असती," चतुराबाई म्हणाली. आणि तिला हसू फुटलं. आधी एकटीला, मग मंडळातल्या सगळ्या बायकांना, मग दोन्ही तांड्यांना. "लालसिंग, मेल्या, पाप केलंस अन् ते बी पुण्याच्या जागी नेऊन ठेवलंस! आता तुला शिव्या द्याव्या का हार घालावा?"

"दोन्ही द्या," नीलाबाई म्हणाली. "आधी शिव्या."

एकटा ग्यानोबा हसत नव्हता. तो पायदानाजवळ उकिडवा बसला होता. "ताई, समजा बाजूनं येणारी गाडी बुटकी असली, बराबर दीड फुटाची. मंग तर माझं पायदान अडवंल?"

"तुम्हीच सांगा. कशावर टांगलंय ते?"

ग्यानोबानं दोन पट्ट्या बोटांनी चाचपल्या. अंगठ्याएवढ्या रुंदीच्या. "माणूस पेलतात," तो म्हणाला. "ट्रॅक्टर न्हाई पेलणार. दुमडून आतच जाईल." मग त्याच्या लक्षात आलं. "अन् पायदानावर उभं राहून जाणारे पोरं? त्यायला तर पहिलं लागंल!"

"ते तर दाराच्याही बाहेर," करुणा म्हणाली. "आणि तुमची पाटी वाचून अकरा गाड्यांच्या पायदानांवर लोक निर्धास्त उभे राहिले असते."

ग्यानोबा उठून उभा राहिला. मग रुक्माबाईला म्हणाला, "पाटी पुसून टाक. लिही, चढायउतरायची पायदानं मिळतील." आणि अकरा जीपवाल्यांतले जे तिथं होते त्यांना ऐकू जाईल असं बोलला, "पायदान म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासाठी हाय, धडकेसाठी न्हाई. दाराच्या आतून आडवा जाड पाइप टाकून देतो. किती अडवंल ते मला ठाऊक न्हाई, खोटं सांगणार न्हाई. पण घाव जिथं बसतो तिथं तरी असंल."

"अन् फाट्यावर गाड्या हळू घ्या," जगन पहिल्यांदाच बोलला. "ट्रॅक्टरसुद्धा. म्या आता उतरून पाहतो."

म्हाताऱ्यानं पुन्हा खाकरून नारळाकडं बोट केलं. लालसिंग जगनपुढं आला.  त्यानं पाना पुढं केला, लाल दोऱ्याचा.

"तुझा पाना," तो म्हणाला. "अन् माझी पोरगी. दोन्ही सांभाळ."

"मामा, पान्याची गरज न्हाई, तुमी ठेवा," जगन म्हणाला, आणि हास्याचा असा काही फवारा उडाला की लिंबावरचे कावळे उडाले. मिना घरात पळाली, संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. नारळ त्याच जाजमावर फुटला.

चतुराबाईनं लालसिंगची गाडी सोडली नाही. दंड मात्र ठोठावला. वर्षभर ज्या गावी कीर्तन असेल, तिथं तिच्या म्हाताऱ्या सासूला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं, उचलून चढवायचं, उचलून उतरवायचं, आणि कीर्तन संपेपर्यंत शेजारी बसून ऐकायचं. लालसिंगनं तो दंड इतक्या आनंदानं भरला की दुसऱ्या वर्षी त्याच्या गळ्यात टाळ आले.

झाली गोष्ट. आता तुम्ही उठून घरी जाल, कुणी जीपनं, कुणी बसनं. माझं एवढंच मागणं आहे. गाडी कुणाचीही असो, दाराशी कुणीतरी बसलेलं असतंच. बहुतेक शेवटी आलेलं, कमी जागेत कोपरा धरलेलं, आणि आपल्या नावगावाचंही नसलेलं. फाट्यावर गाडी वळवाल तेव्हा त्या माणसाची आठवण असू द्या.